दोन टर्बो, एक महाधमनी

जून सरता सरता भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून पाणी वाहू लागते आणि लोणावळ्याहून तिकडे जाणारा रस्ता रविवारी सकाळीच तुंबतो. कांदाभजी, मक्याची कणसे, ओल्या कपड्यांतली पोरे, खांद्यावर लेकरू घेतलेले बाप आणि या सगळ्यांतून वाट काढणाऱ्या गाड्या. या गोंगाटात गेल्या काही वर्षांत एका नव्या आवाजाची भर पडली आहे. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की फटाक्यांची माळ लागल्यासारखा तडतडाट होतो, मागोमाग हवा सुटल्याचा एक ‘फुस्स’. जाणत्या कानाला लगेच कळते की या गाडीच्या इंजिनाला काहीतरी ‘करून घेतलेले’ आहे. जवळच्या बाकावरची आजी दचकते, कडेवरचे मूल रडू लागते आणि गाडीतली चार तरुण डोकी खूश होतात.

हाच रस्ता पुढे आयएनएस शिवाजी या नौदलाच्या अभियांत्रिकी प्रशिक्षण केंद्रावरून, लायन्स पॉइंटच्या धुक्यातून अ‍ॅम्बी व्हॅलीपर्यंत जातो. तिथल्या खासगी धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ या नावाने ड्रॅग शर्यती भरत आल्या आहेत. सरळ पट्टी, एका वेळी दोनच गाड्या, पाव मैल म्हणजे ४०२ मीटर अंतर आणि सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजलेली वेळ. देशभरातल्या टर्बो बसवलेल्या, रिमॅप केलेल्या, पार उघडून पुन्हा बांधलेल्या गाड्या तिथे येतात. म्हणजे वीस-बावीस किलोमीटरच्या एकाच रस्त्याच्या एका टोकाला या यंत्रांची हक्काची जागा आहे आणि दुसऱ्या टोकाला भजीचे गाडे. पावसाळ्यात रविवारी ही यंत्रे चुकीच्या टोकाला दिसतात, ही आजची तक्रार आहे. ती नीट मांडायची तर आधी यंत्र समजून घ्यायला हवे, कारण त्याची कल्पना मुळात फार देखणी आहे.

इंजिन ही श्वास घेणारी वस्तू आहे. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे पंधरा ग्रॅम हवा लागते. पेट्रोल जास्त ओतणे सोपे, अडते ते हवेपाशी. अमेरिकेतल्या ज्या दणकट गाड्यांना ‘मसल कार’ म्हणतात, त्यांच्यातले पाच लिटरचे आठ सिलिंडरी इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत असेल, तर ते मिनिटाला सुमारे १५ हजार लिटर हवा ओढते. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सात-आठ लिटर हवा घेतो. दोन हजार माणसांचा श्वास एका बॉनेटखाली चाललेला असतो. फोर्डने जुलै २०१६ मध्ये भारतात विकायला आणलेली मस्टँग याच जातीची, सुमारे ४०० अश्वशक्तीची. ज्या मारुती ८०० ने निम्म्या महाराष्ट्राला गाडी चालवायला शिकवले, तिच्या इंजिनाची ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आत होती.

चारशेवर मन भरत नाही तेव्हा टर्बो येतो. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग तापलेल्या धुरातून वाया जातो. त्या धुराच्या वाटेत एक छोटे पात्यांचे चाक ठेवायचे. धूर ते फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चाक असते, ते बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबते. दाबलेली हवा तापते, म्हणून मध्ये इंटरकूलर लावून ती थंड करायची. चाके मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेतात आणि पेट्रोल गाडीत धुराच्या बाजूचे तापमान नऊशे अंशांवर जाते. आठ सिलिंडरच्या इंजिनात चार-चारच्या दोन रांगा असतात, त्यामुळे प्रत्येक रांगेला आपला एक लहान टर्बो देणे सोयीचे पडते. एका मोठ्या चाकापेक्षा दोन लहान चाके लवकर वेग घेतात. आत जाणारी हवा दीडपट केली की ताकदही जवळपास दीडपट होते. दोन टर्बो बसवण्यामागचे सगळे गणित एवढेच आहे.

ही युक्ती स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याने १९०५ मध्ये पेटंट केली. तिची कसोटी मात्र डोंगरावर लागली, आणि डॉक्टरांना ही गोष्ट विशेष आवडावी. १९१८ मध्ये सॅनफर्ड मॉस या अमेरिकन अभियंत्याने विमानाचे एक इंजिन कोलोराडोतल्या पाइक्स पीकवर, १४ हजार फुटांहून उंच नेले. खाली ३५० अश्वशक्ती देणारे इंजिन तिथल्या विरळ हवेत २३० वर आले. टर्बो जोडल्यावर ते पुन्हा साडेतीनशेच्या वर गेले. उंचावर माणसाला जो आजार होतो तोच इंजिनालाही होतो आणि त्याच्यावर इलाजही सापडला. आपले लोणावळे सव्वासहाशे मीटरवर आहे. इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे सात टक्क्यांनी कमी असतो. साधे इंजिन घाट चढून आले की तेवढे दमते, टर्बोच्या गाडीला ते जाणवत नाही. आजच्या बहुतेक डिझेल गाड्यांत आणि एक लिटरच्या कितीतरी पेट्रोल गाड्यांत टर्बो कारखान्यातूनच येतो. इंधन वाचवण्याचे ते एक प्रामाणिक साधन आहे, आणि त्याबद्दल इथे कुणाचीच तक्रार नाही.

तक्रार सुरू होते ती कारखान्याने आखलेली मर्यादा ओलांडली जाते तिथे. अमेरिकेत हा मोठा धंदा आहे. टेक्सासातल्या हेनेसीसारख्या कंपन्या मसल कारना दोन टर्बो जोडून हजार अश्वशक्तीच्या पलीकडे नेतात. आता मूळ कंपन्याही मागे नाहीत. शेवरलेने २०२४ मध्ये जाहीर केलेली कॉर्व्हेट झेडआरवन दोन टर्बोंसह १०६४ अश्वशक्तीची आहे. आपल्याकडे हेच वेड छोट्या मापात आले आहे. टर्बो असलेली गाडी घ्यायची, लॅपटॉप जोडून तिच्या संगणकाला टर्बोचा दाब वाढवायला सांगायचे, म्हणजेच रिमॅप करायचे. मग मोठा टर्बो, मोकळा सायलेन्सर, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकलेली नळी. ‘स्टेज वन’, ‘स्टेज टू’ हे शब्द कॉलेजच्या कट्ट्यावर सर्रास ऐकू येतात. गंमत अशी की वैद्यकात ‘स्टेज’ वाढली की घरच्यांचे तोंड उतरते.

टर्बोला शरीरात जवळचे उदाहरण शोधायचे तर ते एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाचे, म्हणजे ईपीओचे आहे. किडनीतून निघणारे हे संप्रेरक अस्थिमज्जेला तांबड्या पेशी वाढवायला सांगते. ते प्रयोगशाळेत बनू लागले तेव्हा डायलिसिसवरच्या रुग्णांना नवे बळ मिळाले. काही सायकलपटूंच्या लक्षात आले, की निरोगी माणसाने ते टोचून घेतले तर स्नायूंना जास्त प्राणवायू पोहोचतो. इंजिन तेच, श्वास वाढवलेला. मात्र रक्त दाट होते, गुठळीचा धोका वाढतो, हृदयावर ताण येतो. ऑलिंपिक समितीने १९९० मध्ये त्यावर बंदी घातली. ते पकडणारी चाचणी २००० च्या सिडनी ऑलिंपिकपर्यंत नव्हती. मधली दहा वर्षे बंदी कागदावर होती आणि ईपीओ शिरेत. रिमॅप केलेल्या गाड्यांच्या बाबतीत महाराष्ट्र आज त्याच मधल्या काळात आहे.

कायदा पुरेसा स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल करायला मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. पण पकडायचे कसे? पीयूसीची चाचणी गाडी जागेवर उभी असताना होते. टर्बोचा जोर असतो तो रस्त्यावर, अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला असताना. शिवाय लॅपटॉपने बदललेला प्रोग्राम लॅपटॉपनेच दहा मिनिटांत पूर्ववत करता येतो. उरतो तो आवाज, आणि तो ऐकायला उपकरणही लागत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत रुग्णालयाभोवतालचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र मानला आहे. तिथली दिवसाची मर्यादा ५० डेसिबल. फटाके फोडणारा सायलेन्सर ती कुठल्या कुठे मागे टाकतो.

तो तडतडाट म्हणजे काय, हेही सांगायला हवे, कारण अनेकांना ती नुसती हौस वाटते. पाय उचलल्यावर मुद्दाम न जळलेले पेट्रोल गरम नळीत सोडायचे आणि तिथे त्याचा भडका उडू द्यायचा, असा तो प्रोग्राम असतो. कन्व्हर्टर काढलेला असेल तर अर्धवट जळलेले सगळे बाहेर येते, त्यात कार्बन मोनॉक्साइडही. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशेहून जास्त पटींनी घट्ट धरते. भुशीच्या रस्त्यावर गाड्या तास-तास एकाच जागी खोळंबतात आणि त्यांच्या मधून चालणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाचे नाक साधारण धुराच्या नळीच्या उंचीवरच असते. मोकळ्या हवेत हे पटकन पातळ होते हे खरे. तरीही दमा असलेल्या मुलाच्या आईने त्या गर्दीत मागे वळून पाहिले तर ती अतिकाळजी नव्हे.

पण धूर आणि आवाज हे या गोष्टीतले लहान भाऊ. थोरला आहे वेग.

शाळेत सगळ्यांनी शिकलेले आणि गाडीत बसताना सगळ्यांनी विसरलेले एक सूत्र आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी १०० वरून १४० ला जाणे म्हणजे वेग दीडपटसुद्धा नाही, पण ऊर्जा जवळजवळ दुप्पट. हे उंचीच्या भाषेत जास्त कळते. ताशी १०० किलोमीटरने भिंतीवर आदळणे म्हणजे ३९ मीटरवरून, साधारण तेराव्या मजल्यावरून पडणे. १४० ने आदळणे म्हणजे पंचविसाव्या मजल्यावरून. तेरावा मजला आणि पंचविसावा मजला यांतले अंतर तुटायला चारशे अश्वशक्तीच्या गाडीला काही सेकंद लागतात. दोन टर्बो जोडल्यावर त्याहून कमी. ‘भारत एनकॅप’ ही आपली सुरक्षा मानांकन पद्धत ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली, आणि पाच तारे मिळालेल्या गाडीत लोक निर्धास्त बसतात. त्यातली समोरून धडकेची चाचणी ताशी ६४ किलोमीटरला होते. १२८ ला ऊर्जा चौपट होते. त्या वेगाला ते पाच तारे काय करतील हे त्या चाचणीने सांगितलेलेच नाही.

धडक झाल्यावर आत काय होते ते अपघात विभागात काम केलेला प्रत्येक जण विद्यार्थ्यांना एकाच पद्धतीने शिकवतो. एका अपघातात तीन धडका असतात. पहिली गाडीची, झाडाशी किंवा ट्रकशी. दुसरी माणसाची, पट्ट्याशी, स्टिअरिंगशी, काचेशी. तिसरी धडक आतल्या अवयवांची, माणसाच्या स्वतःच्याच हाडांशी. पट्टा आणि एअरबॅग दुसऱ्या धडकेला थोडा वेळ आणि थोडे अंतर मिळवून देतात, त्यांच्यामुळे असंख्य जीव वाचले आहेत. तिसऱ्या धडकेपर्यंत मात्र त्यांचे हात पुरत नाहीत. मेंदू कवटीच्या आतल्या कडांवर आपटतो, त्याचे लांब तंतू ताणून तुटतात. अशा मुलाच्या सीटी स्कॅनमध्ये पहिल्या दिवशी फारसे काही दिसत नाही आणि तो महिनोन् महिने शुद्धीवर येत नाही. यकृत आणि प्लीहा फाटतात.

आणि महाधमनी. हृदयातून निघून ती वर कमानीसारखी वळते आणि मग पाठीच्या कण्याला धरून खाली उतरते. हृदय आणि कमान बऱ्यापैकी मोकळे, उतरता भाग मात्र कण्याला बांधलेला. शरीर एकाएकी थांबते तेव्हा बांधलेला भाग थांबतो आणि मोकळा भाग पुढे जात राहतो. डाव्या हाताकडे जाणारी धमनी जिथे फुटते, तिच्या जरासे खाली ही ओढाताण एकवटते आणि नळी तिथे फाटते. पूर्ण फाटली तर माणूस जागेवरच संपतो. बहुतेकांना रुग्णालयाचे दार दिसत नाही. ज्यांचा बाहेरचा थर टिकून राहतो ते गाडीतून स्वतः उतरतात, फोन करतात, ‘काही नाही झालं, छातीत थोडं दुखतंय’ असे सांगतात. त्यांना लवकर उचलून सीटी स्कॅनपर्यंत आणि तिथून शल्यचिकित्सकापर्यंत नेणे हीच त्यांची एकमेव संधी असते. इंजिनाला दोन टर्बो, पक्के पिस्टन, जाड कनेक्टिंग रॉड बसवता येतात. चालवणाऱ्याच्या छातीतली नळी मूळ मापाचीच राहते. तिला ‘स्टेज टू’ नाही.

तीच गोष्ट डोळा, मेंदू आणि पाय यांच्यातल्या तारेची. समोर काही दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत रस्त्यावर सुमारे दीड सेकंद जातो. तिशीतल्या खेळाडूचाही यात फार फायदा होत नाही. ताशी १०० ला त्या दीड सेकंदात गाडी ४२ मीटर पुढे गेलेली असते आणि ब्रेक अजून लागलेलाच नसतो. ओल्या रस्त्यावर त्यानंतर थांबायला आणखी शंभरेक मीटर. म्हणजे एकूण १४०. ६० च्या वेगाला एकूण सुमारे ६० मीटर, ३० ला वीस-बावीस. आता लायन्स पॉइंटचे जुलैतले धुके डोळ्यांसमोर आणावे. पुढच्या गाडीचे मागचे दिवे वीस-पंचवीस मीटरवर आल्याखेरीज दिसत नाहीत. त्या धुक्यात ३० हाच सभ्य वेग आहे.

टर्बोचा एक खास दोषही या ओल्या रस्त्यावर उघडा पडतो. मोठ्या टर्बोची चाके वेग घ्यायला क्षणभर वेळ घेतात. पाय दाबला तरी गाडी लगेच जात नाही, म्हणून चालवणारा आणखी दाबतो, आणि मग सगळी ताकद एकदम येते. मसल कारमध्ये ती मागच्या चाकांवर येते. प्रत्येक टायर रस्त्याला जेमतेम तळहाताएवढ्या जागेत टेकलेला असतो. त्या तळहाताखाली शेवाळ, चिखल किंवा पाण्याची पातळ चादर असली की मागचा भाग घसरतो आणि गाडी स्वतःभोवती फिरते. साचलेल्या पाण्यावर ताशी ८०-९० च्या पुढे तर टायर पाण्यावर तरंगू लागतो. मग स्टिअरिंग कुणाच्याच हातात नसते.

टर्बोच्या इतिहासात माणसाच्या स्वभावाचाही एक धडा नोंदलेला आहे. १९६२ मध्ये ओल्ड्समोबिल कंपनीने जेटफायर ही टर्बो बसवलेली आठ सिलिंडरी गाडी बाजारात आणली. तिच्या इंजिनाला सांभाळण्यासाठी पाणी आणि मिथेनॉलचे मिश्रण एका टाकीत भरत राहावे लागे. टाकी रिकामी झाली की टर्बोचा जोर आपोआप कमी होई. मालक टाकी भरायला विसरत आणि गाडीत ताकद नाही अशी तक्रार घेऊन येत. अखेर कंपनीनेच अनेकांच्या गाड्यांवरचा टर्बो काढून दिला. ताकद सगळ्यांना हवी होती, तिच्यासोबत येणारे रोजचे किरकोळ काम कुणालाच नको होते. रक्तदाबाच्या गोळ्या महिनाभर घेऊन ‘आता बरं वाटतंय’ म्हणून सोडणाऱ्या रुग्णांची ज्यांना सवय आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

याउलट भुशीच्या आसपासच ताकद शिस्तीत वापरण्याचा दीडशे वर्षांहून जुना नमुना आहे. भुशीचे धरण मुळात सहलीसाठी बांधलेले नाही. रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून ब्रिटिश काळात रेल्वे कंपनीने ते बांधले. बोरघाटातली चढण ३७ फुटांत एक फूट एवढी तीव्र. १८६३ पासून गाड्या ती चढत आहेत. आजही कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने लागतात आणि तिला लोणावळ्यापर्यंत ढकलत आणतात. टर्बोसारखीच ही वरकड ताकद. पण रेल्वेने नुसती ताकद वाढवली नाही. घाट उतरणाऱ्या गाडीला ठरलेल्या ठिकाणी थांबावेच लागते, ब्रेक तपासले जातात, आणि ताबा सुटलेली गाडी मुख्य मार्गावरून बाजूला चढणीवर जाऊन थांबावी म्हणून आडमार्ग ठेवलेले आहेत. थांबणे ही गाडीची जबाबदारी आधी, धावणे नंतर. द्रुतगती मार्गावरून घाट उतरणाऱ्या मोटारीला असा एकही सक्तीचा थांबा नाही. तिथे आहे ती ताशी ६० ची पाटी, आणि २०२४ पासून कॅमेरे.

पाट्या आणि कॅमेऱ्यांना हसण्याचे कारण नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये दीडशेच्या घरात माणसे मेली होती. त्या वर्षापासून रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन यांनी मिळून एकेक धोक्याची जागा शोधली, कठड्यांची उघडी टोके झाकली, उभ्या ट्रकांवर लक्ष ठेवले. पुढच्या काही वर्षांत मृत्यू निम्म्याच्या आसपास आले. अपघात हे नशीब असते तर ते मोजपट्टी आणि सिमेंटने कमी झाले नसते. देशाचा आकडा मात्र अजून अंगावर येतो. २०२२ मध्ये १ लाख ६८ हजार ४९१ मृत्यू, त्यांतले सत्तर टक्क्यांहून जास्त अतिवेगाच्या खात्यावर, आणि मेलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश १८ ते ४५ वयाचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. पायी चालणाऱ्याला ५० ऐवजी ६५ च्या वेगाने धडक बसली तर त्याच्या मृत्यूचा धोका साडेचार पट होतो. भुशीच्या रस्त्यावर पावसाळ्यात गाडीतल्या माणसांपेक्षा पायी चालणारेच जास्त असतात, हे लक्षात घेऊन हा शेवटचा आकडा वाचावा.

आणि टर्बो बंद करून हा प्रश्न संपतही नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला ज्या गाडीखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला, ती विजेवर चालणारी पोर्शे होती. तिला ना धूर, ना टर्बो. चारशे-पाचशे अश्वशक्ती आता प्लगवर मिळते, आवाजही न करता. म्हणून चर्चा यंत्राच्या जातीवर अडकू नये. प्रश्न एवढाच, की अमुक ऊर्जा अमुक रस्त्यावर, अमुक माणसांच्या शेजारून धावू द्यायची का.

गाड्या बांधणाऱ्या पोरांना गुन्हेगार ठरवून काही साधणार नाही. स्वतःच्या हाताने इंजिन उघडून पुन्हा जोडणारा मुलगा पिंपरी-चिंचवडच्या परंपरेतलाच आहे. याच कुतूहलावर हा पट्टा जगतो. वेगाची ओढ हाही आजार नव्हे. विशीतल्या मेंदूत थराराचे केंद्र पूर्ण जागे झालेले असते आणि त्याला आवर घालणारा पुढचा भाग अजून पक्का व्हायचा असतो, ही निसर्गाची रीत आहे. त्या ओढीला जागा द्यावी लागते. ड्रॅग शर्यतीत हेच केले जाते. तिथे गाडी सोडण्याआधी तपासली जाते, हेल्मेट आणि पट्टे पाहिले जातात. अमेरिकेत तर गाडी ठरावीक वेळेपेक्षा वेगवान असेल तर लोखंडी पिंजरा सक्तीचा आणि ताशी १५० मैलांच्या पुढे थांबण्यासाठी मागे पॅराशूट. ताकद जितकी वाढेल तितकी बंधने वाढतात. समोरून कुणी येत नाही, कडेला कणीस भाजणारी बाई नसते.

अडचण अशी की हे दिवस वर्षातून मोजके असतात. नोकरीला नुकत्याच लागलेल्या मुलाने कर्ज काढून घेतलेली गाडी रिमॅप केली, तर पुढचे दोन-अडीच महिने तो शर्यतीची वाट बघत बसेल, ही अपेक्षा भाबडी आहे. राज्याने एखादी कमी वापराची धावपट्टी महिन्यातून एक दिवस, परवडेल अशा शुल्कात, तपासणी आणि रुग्णवाहिकेसह उघडी केली, तर त्याला खर्च फार येणार नाही. त्याच्या जोडीला पावसाळ्याच्या शनिवार-रविवारी लोणावळ्यात शिरतानाच आवाजमापक घेतलेले एक पथक असावे, आणि कन्व्हर्टर काढलेली गाडी तिथूनच परत फिरवावी. नंतर कधीतरी मोबाइलवर येणाऱ्या दंडापेक्षा मित्रांसमोर मागे वळवलेली गाडी जास्त लक्षात राहते.

तिसरी गोष्ट टर्बोइतकी चमकदार नाही. ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर जिल्हा प्रशासनाने पर्यटनस्थळांवर बंधने आणली. पाण्याकडे लक्ष गेले, ते जायलाच हवे होते. रस्त्याकडे तेवढे गेलेले नाही. बुडालेल्याला, दरीत घसरलेल्याला किंवा महाधमनीचा फक्त बाहेरचा थर शाबूत राहिलेल्याला उचलायचे तर १०८ ची गाडी याच एका रस्त्याने वर जाणार आणि याच रस्त्याने खाली येणार, दोन्ही वेळा भजीच्या गाड्यांपाशी अडकलेल्या रांगेतून. शर्यतीच्या दिवशी धावपट्टीच्या कडेला रुग्णवाहिका तयार उभी असते. भुशीच्या रस्त्यावर गर्दीच्या दिवशी गाड्यांची संख्या ठरवून देणे, एक बाजू रुग्णवाहिकेसाठी मोकळी ठेवणे आणि लायन्स पॉइंटजवळ सकाळपासून एक रुग्णवाहिका उभी करणे, ही तिन्ही कामे जिल्हा प्रशासन, नगरपरिषद आणि पोलिसांनी एका बैठकीत ठरवण्याजोगी आहेत. ती बैठक पावसाच्या आधी व्हावी.